चाळकेवाडीचे पंखे बंद का दिसतात?

घाटवेडा
मंडळी, डिसेंबरात साताऱ्याजवळ ठोसेघरला जाऊन आलो. धबधब्याला पाण्याची बारीक धार होती नुसती, म्हणून तसंच पुढं चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेलो. हवा झकास, पण पवनचक्क्या बघून जरा हिरमोड झाला, निम्म्याहून जास्त ढिम्म उभ्या. एकदोन तर गंजलेल्या, एकीचं पातंच नाही. बरोबर मेहुणे होते, ते म्हणाले हे सगळं टॅक्स वाचवायला उभं केलंय, वीजबीज काही होत नाही. मेहुणे सीए आहेत त्यामुळे वाद घालायची सोय नाही.
पण मग दुसरीकडे बातम्या येतात की देशात पवनऊर्जेची क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढं गेली (२०२५ च्या मार्चमध्ये गेली ना?). मग हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? वारा आहे की नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा, शक्यतो वाऱ्यावरच्या विजेचा :)

खुर्चीवाला
खुर्ची टाकून बसलोय. शेंगदाणे आणलेत.

नॅसेलवाला
सड्यावर बरीच वर्षं काढलीत, आता दुसऱ्या राज्यात साइटवर आहे. डिसेंबरात बंद दिसणार नाहीत तर कधी दिसणार साहेब. मशीनला फिरायला लागायलाच साधारण ३ मीटर प्रति सेकंद वारा लागतो आणि पूर्ण लोड घ्यायला ११-१२. आपल्या सह्याद्रीवर तसला वारा मान्सून घेऊन येतो, मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, आणि वर्षाच्या एकूण जनरेशनमधलं साठ-सत्तर टक्के त्या चारेक महिन्यांतच होतं. बाकी वर्षभर लो विंड. म्हणून आम्ही मोठी कामं, गिअरबॉक्स उतरवणं, पात्याची दुरुस्ती, सगळं हिवाळ्यासाठी राखून ठेवायचो, कारण जुलैत सड्यावर क्रेन उभी करायचा विचारच करू नका, धुकं असं की टॉवरच्या पायाशी उभं राहून वर पातं दिसत नाही, फक्त सूं सूं आवाज येतो.
उलट वारा २०-२५ च्या वर गेला की मशीन स्वतःच पाती वळवून बंद होतं, नाहीतर तुकडे होतील. म्हणजे तुफान वाऱ्यात बंद दिसली तरी बिघडलेली असेलच असं नाही.
आता पातं गायब, टॉवर गंजलेला, ते वेगळं प्रकरण. त्याबद्दल तुमचे मेहुणे अर्धे बरोबर आहेत, बाकी इथले अभ्यासू लोक सांगतीलच.

शून्यमेगावॅट
अभ्यासू म्हटलंय म्हणून येतो :)
मेहुण्यांचं म्हणणं एका काळापुरतं बऱ्यापैकी खरं आहे. ९० च्या दशकात पवनचक्की लावली की पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे मशीनची सगळी किंमत टॅक्ससाठी नफ्यातून वजा करता यायची, नंतर तो ८० झाला. त्यामुळे ज्यांचा वाऱ्याशी काडीचा संबंध नाही अशा कंपन्या, कापडवाले, साखरवाले, पंपवाले, सगळ्यांनी पवनचक्क्या घेतल्या. नफा झाला, टॅक्स दिसायला लागला, की घ्या एक मशीन. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर अर्धाच घसारा मिळतो, म्हणून सप्टेंबर अखेर आणि ३१ मार्च जवळ आले की मशीन चालू केल्याचा कागद मिळवायची जी काय धावपळ चालायची!
यातला मूळ घोळ असा की सवलत उभारणीवर होती, युनिटवर नव्हती. दूध किती निघतं ते न विचारता गोठ्यात म्हशी किती बांधल्या त्यावर अनुदान दिलं तर जे होईल तेच झालं. मशीन नंतर वर्षभर बंद राहिलं तरी मालकाचं मुख्य काम झालेलं असायचं. हे सरकारलाही कळत होतं म्हणून २००९ च्या शेवटी युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन आणलं, मग २०१२ ला घसारा आणि ते प्रोत्साहन दोन्ही बंद, तर नवीन उभारणी एकदम आपटली, मग २०१४ ला घसारा परत, २०१७ पासून तो ४० टक्के. धोरणाचं हे असं वर-खाली वाऱ्यापेक्षा जास्त आहे आपल्याकडे.
पण "वीज होत नाही" हे चूक. जुनं ३५० किलोवॅटचं मशीन धरा, २० टक्के क्षमतेने चाललं तरी वर्षाला ६ लाख युनिट होतात. आजकालचं २.१ मेगावॅटचं ३० टक्क्यांनी चाललं तर ५५ लाख. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणारी घरं धरली तर साडेतीन हजारांहून जास्त घरं, एका मशीनवर.

घाटवेडा
मेहुण्यांना लिंक पाठवली. "अर्धे बरोबर" एवढंच वाचलं त्यांनी.

कोयनाकाठ
मी पाटण तालुक्यातला, वनकुसवड्याच्या पठाराजवळचा. आमच्याकडं यांना पंखंच म्हणतात. पंखं आलं तेव्हा आमच्या वडलांच्या पिढीनं जमिनी दिल्या, पठारावर नाचणी-वरई सोडून दुसरं काय पिकत नव्हतं, त्यामुळं आलेला पैसा मोठा वाटला. काहींनी विकूनच टाकल्या, काहींनी भाड्यानं. रस्ता झाला हे मान्य, आधी पावसाळ्यात आजारी माणूस डोलीतनं खाली न्यायला लागायचा. चारदोन पोरं वॉचमन म्हणून लागली. पण गंमत बघा, पंखं डोक्यावर फिरतायत आणि खाली गावात लाईट गेलेली, असं कितीतरी वर्षं बघितलंय. एजंट येऊन काय काय बोलून गेला होता त्यातलं कागदावर किती होतं ते कुणी वाचलंच नव्हतं, इंग्रजीत होतं.

नॅसेलवाला
@कोयनाकाठ दादा, लाईटचं तुमचं दुखणं खरं आहे पण त्याला तांत्रिक कारण आहे. पंख्याची वीज थेट गावात जात नाही, ती ३३ केव्हीच्या लाइनने सबस्टेशनला जाते. आणि गावाकडची लाइन गेली म्हणून पंखा गावाला वेगळी वीज देऊ शकत नाही, उलट ग्रिड गेलं तर आमचं मशीनपण बंद पडतं.

कोयनाकाठ
ते आता कळतंय हो. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान वेगळी लाइन मागून घेतली असती जमिनीच्या बदल्यात.

पुणेरी_गच्ची
आमची सोसायटी सिंहगड रोडला, ११ मजली आहे, गच्चीवर चांगलाच वारा लागतो, वाळत घातलेले कपडे उडून जातात. छोटी पवनचक्की बसवली तर कॉमन लाईट आणि लिफ्टचं भागेल का? एक विक्रेता आलेला, "सोलरपेक्षा भारी, रात्रीपण चालते" म्हणत होता.

घनफळ
पुणेरी, थांबा. वाऱ्याच्या विजेचं सगळं गणित एका ओळीत आहे, वेगाचा घन. वेग दुप्पट तर वीज आठपट, आणि वेग निम्मा तर वीज एक अष्टमांश. वाऱ्यात असलेल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढता येते, ही बेट्झ साहेबांची मर्यादा, कितीही भारी मशीन आणा. छोट्या चक्कीत २५ टक्के मिळाले तरी नशीब.
आता २ मीटर व्यासाची चक्की घ्या. पाती फिरतात ते क्षेत्रफळ ३.१४ चौ.मी. पुण्यात गच्चीवर वर्षाची सरासरी धरून ३ मीटर प्रति सेकंदाचा वारा म्हणू. उत्तर येतं १३ वॅट. तेरा. एक एलईडी बल्ब. ६ चा वारा सुटला तर १०० वॅट. लिफ्ट विसरा. त्यात आजूबाजूला टॉवर, टाक्या, वारा सरळ येतच नाही, भोवरे येतात. कपडे उडवतात तेच भोवरे. त्याच जागेत सोलरची चार पॅनल टाका आणि निवांत झोपा.
म्हणून तर मोठ्या मशीन उंच आणि अजून मोठ्या होत चालल्यात. ६ चा वारा ७ झाला तर वीज दीडपटीच्या पुढे जाते. सड्यावरच्या जुन्या मशीनचं वर्तुळ ३३ मीटर, आता १४४ मीटर व्यासाच्या येतायत, क्षेत्रफळ जवळजवळ १९ पट, आणि टॉवर १४० मीटर किंवा जास्तच.

पुणेरी_गच्ची
१३ वॅट 😂 धन्यवाद, कमिटीत हेच वाचून दाखवतो. चेअरमन विक्रेत्याचा साडू आहे पण असो.

माणदेशी
आमच्याकडं कवठेमहांकाळ-ढालगाव भागात २००३ च्या दुष्काळात सगळे म्हणायचे की ह्या पंख्यांनी ढग पळवले. अजूनही म्हातारी माणसं म्हणतात. मी स्वतः मानत नाही पण एक सांगा, एवढे पंखे वारा अडवतायत तर काहीच फरक पडत नसेल?

घनफळ
पंख्याच्या मागे काही अंतर वारा मंदावतो हे खरंय, म्हणून तर दोन मशीनमध्ये व्यासाच्या कितीतरी पट अंतर सोडतात. पण पावसाचा ढग पळवणं? पाऊस आणणारे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात, जुन्या मशीनचं पातं जेमतेम शंभरएक मीटरवर. आणि तुमचा भाग पर्जन्यछायेत पंखे यायच्या हजारो वर्षं आधीपासून आहे. चाळकेवाडी-वनकुसवड्याला तर जुलैत ढग अक्षरशः पात्यांमधून जातात आणि तिथेच धो धो पाऊस पडतो, मग तिथले का पळत नाहीत?

शून्यमेगावॅट
आणि २००५ ला सांगलीत पूर आला, २०१९ ला त्याहून मोठा, तेव्हा पंखे काय सुट्टीवर होते?

माणदेशी
पुराचा मुद्दा जबरी आहे, आजोबांना विचारतो. ते म्हणतील तेव्हा उलटे फिरवले असतील.

सडाफुली
ढगांचं सोडा, पण सड्यावर पंख्यांचा खरा परिणाम कुणावर झालाय ते मी सांगते, सरड्यांवर. चेष्टा नाही. बंगळूरच्या आयआयएस्सीच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावरच अभ्यास केला, २०१८ ला 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' मध्ये आला. पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी, ससाणे-शिक्रे वगैरे, जवळजवळ चार पटीने कमी सापडले. आणि त्यांचं मुख्य खाणं म्हणजे ते गळ्याला हातपंख्यासारखी निळी-नारिंगी कातडी असलेले सरडे, ते वाढले. एवढंच नाही, त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी, माणूस जवळ गेला तरी उशिरा पळतात, आणि गर्दीमुळे खाणं कमी पडत असावं म्हणून नरांचे रंगही फिके. म्हणजे पंख्याने एक पक्षी मारला का नाही एवढाच प्रश्न नाहीये, वरचा शिकारी हलला की खालचं सगळं हलतं.
मला स्वतःला पवनऊर्जा हवीच आहे, कोळशापेक्षा हजारदा बरी. पण "ओसाड माळ आहे, लावा पंखे" ही जी भाषा असते ना सरकारी कागदात, तिची चीड येते. कातळसडा ओसाड नसतो. सप्टेंबरात जाऊन बघा. फक्त गाड्या फुलांवर घालू नका.

घाटवेडा
@सडाफुली हे माहीतच नव्हतं! आम्ही तिथे दगडावर बसून भेळ खाल्ली, सरडा बघायला हवा होता.

सडाफुली
मार्च-एप्रिलपासून पावसापर्यंत जा, तेव्हा नर दगडावर चढून गळा फुलवतात. डिसेंबरात काय दिसणार.

मिशीला_पीळ
बीडमध्ये पवनचक्कीवाल्यांकडून खंडणीचं जे झालं त्यावर कुणीच का बोलत नाही?? त्यात कोण कोण
[संपादित]

संपादक मंडळ
बीड प्रकरण न्यायालयात आहे, त्यासाठी राजकारण विभागात आधीच तीन धागे आहेत. इथे पवनऊर्जा. वरचा प्रतिसाद छाटला आहे.

ॲबरडीनकर
इकडे स्कॉटलंडमध्ये घराच्या खिडकीतून समुद्रातले टर्बाइन दिसतात. ब्रिटनमध्ये २०२४ ला एकूण विजेच्या साधारण ३० टक्के वाऱ्यातून आली आणि ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, ज्या देशाने कोळशावर जग जिंकलं त्या देशात! डेन्मार्क तर निम्म्याच्या वर वाऱ्यावर.
पण इथलंही सगळं गोड नाही. वारा स्कॉटलंडमध्ये आणि वापर खाली इंग्लंडमध्ये, मधल्या तारा पुरत नाहीत. मग जास्त वारा आला की कंपन्यांना टर्बाइन थांबवायचे पैसे देतात आणि तेवढ्यासाठी खाली गॅसचं केंद्र चालवतात. बिल आमच्या माथी. त्यामुळे बंद पंखा दिसला की मी तरी आधी तारेकडे बघतो.

शून्यमेगावॅट
ॲबरडीनकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. आपल्याकडे तारेबरोबर वेळेचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात वारा भरात असतो जून ते सप्टेंबर, नेमके तेव्हा शेतीपंप बंद, विजेची मागणी उतरलेली. आणि मार्च-एप्रिलात मागणी डोक्यावर, तेव्हा वारा गायब. दिवसाच्या हिशोबात मात्र वारा कामाचा आहे, सोलर संध्याकाळी झोपतं आणि वारा बऱ्याच ठिकाणी तेव्हाच उठतो. म्हणून आता दोन्ही एकत्र, हायब्रिड, असे प्रकल्प निघतायत.

पाणीपुरवठा
मग सोपं उत्तर समोर नाहीये का? वनकुसवड्याच्या खालीच शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. पावसाळ्यात वारा वीज देतोय तेवढी कोयनेची वीज बंद ठेवा, पाणी साठवा आणि उन्हाळ्यात वापरा. १९६० मेगावॅटची आयती बॅटरी.

कोयनाकाठ
आयती नाही हो, त्या बॅटरीखाली आमची गावं गेलीत.

पाणीपुरवठा
तो मुद्दा वेगळा आणि मान्यच आहे दादा. मी फक्त पाण्याचा हिशोब बोलतोय.

शून्यमेगावॅट
हिशोबच करू. कोयनेतून पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायची परवानगी आहे, कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेली. धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे पाण्याला वार्षिक कोटा आहे, आणि कोटा असलं की कधी वापरायचं हे महत्त्वाचं. जून-जुलैत वारा आहे म्हणून एक टीएमसी वाचवला तर तो मे महिन्यात संध्याकाळी विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा वापरता येतो, तिथे त्याची किंमत खूप जास्त. पण ऑगस्टमध्ये धरण भरून दरवाजे उघडले की वाचवण्याला अर्थ नाही, नाहीतरी पाणी खाली वाहूनच चाललंय. त्यामुळे तुमची आयडिया अर्धा हंगाम चालते. आणि खरं तर कोयना आत्ताही मागणीप्रमाणे वर-खाली करतातच, त्यात वाऱ्याचा अंदाज घट्ट जोडणं एवढंच करायचंय. खरी बॅटरी हवी तर पाणी परत वर चढवावं लागेल, घाटघरला २५० मेगावॅटचं तसं केंद्र २००८ पासून आहे. अशी अजून हवीत.

नॅसेलवाला
अंदाजाचं म्हणाल तर आता बराच सुधारलाय. आधी आम्हाला उद्याचा वारा विचारला की आम्ही समोरच्या हॉटेलवाल्याला विचारायचो. त्याचा अंदाज वाईट नव्हता.

खुर्चीवाला
शेंगदाणे संपले. पण आता मलाच प्रश्न पडला, ती गंजलेली मशीन काढून तिथे मोठी का लावत नाहीत? सगळ्यात चांगला वारा तर तिथेच आहे म्हणता.

शून्यमेगावॅट
लाखमोलाचा प्रश्न. देशभरात हेच आहे, तमिळनाडूत मुप्पंदळच्या खिंडीसारख्या सर्वोत्तम जागा सगळ्यात जुन्या, छोट्या मशीननी अडवून ठेवल्यात. जुनी काढून मोठी लावायची याला रीपॉवरिंग म्हणतात, केंद्राचं धोरण २०१६ ला आलं, २०२३ ला सुधारून परत आलं. पण हलत नाही कारण मालक शंभर. एका डोंगरावर दहा कंपन्यांची प्रत्येकी दोन-चार छोटी मशीन, आणि मोठं मशीन लावायचं तर मधली पाच काढावी लागतात, ती तिघांची असतात. त्यातल्या एका कंपनीचं दिवाळं निघालेलं असतं. दुसरं म्हणजे दर. महाराष्ट्रात २००३ च्या आदेशाने १३ वर्षांचे वीजखरेदीचे करार झाले, युनिटला साडेतीन रुपयांपासून सुरू आणि दरवर्षी १५ पैसे वाढ. ते संपले. दरम्यान २०१७ मध्ये लिलाव सुरू झाले, जो कमी दरात वीज देईल त्याला काम, पहिल्याच लिलावात ३.४६ रुपये आणि वर्ष संपायच्या आत अडीच रुपयांच्या खाली भाव गेला. जुन्या मशीनला तो भाव परवडत नाही, दुरुस्तीचा पार्ट मिळत नाही, आणि घसारा तर केव्हाच खाऊन झालाय. मग ते उभं राहतं तसंच. घाटवेडांनी पाहिलं ते हेच, निम्मे हिवाळ्यामुळे बंद आणि काही या भानगडीमुळे. मशीनखाली उभं राहून कुठलं कोणतं ते कळत नाही.

नॅसेलवाला
आणि घाट! सत्तर मीटरचं पातं सज्जनगडाच्या फाट्यावरून वर न्यायचं म्हणजे कितीतरी वळणं फोडावी लागतील. कागदावर सगळं बसतं, ट्रेलर बसत नाही.

सडाफुली
वळणं फोडायची आधी बघा बरं, तो सगळा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा भाग आहे. मशीन कमी आणि मोठी झाली तर सड्यावर जागा मोकळी होईल हे मात्र चांगलं, जुने रस्ते आणि चौथरे खरंच मोकळे केले तर.

कोयनाकाठ
हेच विचारायचं होतं. आमच्या चुलत्याच्या जमिनीतला पंखा बंद आहे. भाडंबी येत नाही आता, कंपनीचा फोन लागत नाही. काढायचा कुणी? आणि खालचं काँक्रीट?

नॅसेलवाला
टॉवर स्टीलचा असेल तर भंगारवाला हसत नेईल पण तो त्याचा नाही आणि तुमचाही नाही, मालकी कंपनीची, त्यामुळे हात लावू नका. पात्यांना कुणी विचारत नाही, फायबरग्लास, वितळत नाही, बहुतेक वेळा पुरतात नाहीतर पडून राहतात. खालचं काँक्रीट मोठ्या मशीनला शेकडो घनमीटर असतं, छोट्याला बरंच कमी, पण ते कुणी आपणहून काढत नाही.
चुलत्यांना मूळ भाडेकराराची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढायला सांगा. त्यात मुदत कधी संपते आणि संपल्यावर जमीन पूर्ववत करून द्यायचं कलम आहे का ते बघा. आणि नवीन कुणी एजंट मोठं मशीन घेऊन आला तर हे कलम, वाढतं भाडं आणि काढणीच्या खर्चाची बँक गॅरंटी लिहून घेतल्याशिवाय सही नको.

कोयनाकाठ
नक्कल काढतो. करार मराठीत मागता येतो का?

शून्यमेगावॅट
मागा की. सही तुमची आहे, भाषापण तुमचीच मागा. नक्कल मिळाली की व्यनि (खाजगी निरोप) करा, कलमं बघून सांगतो. नाव-गट नंबर इथे टाकू नका.